स्वावलंबी पोराची आई

आमचं टॅक्स रिटर्न आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्यानं, फेटाळलं. कारण काय, तर लेकाचा सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) म्हणे आधीच दुसऱ्या रिटर्नवर लागलाय. नवरा घाबरून बँकेचे पासवर्ड बदलत सुटला. मला चोर ठाऊक होता. लेकाच्या डॉर्मवर, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहावर, फोन लावला.

"तू रिटर्न भरलंस?"

"केव्हाच! फोनवरून, जेवता जेवता."

"तुला कोणी आपल्या रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून, दाखवू शकतं का, असं विचारलं असेल. काय लिहिलंस?"

"नाही म्हटलं. आई, मी एकोणीस वर्षांचा आहे. उन्हाळाभर नोकरी केलीय."

"फी कोण भरतं?"

"ते वेगळं."

"फोनचं बिल?"

"तो फॅमिली प्लॅन आहे ना."

"गाडीचा इन्शुरन्स?"

"गाडी तुमच्याच नावावर आहे!" हेही आमच्यावर उपकारच.

मग जरा थांबून म्हणाला, "पण आई, डिपेंडंट कसलं डाउन वाटतं गं."

वाटतं ना! पण कायद्याला त्याच्या वाटण्याशी काय देणंघेणं? वर्षअखेरीस चोविसाच्या आत, वर्षातले निदान ५ महिने फुलटाइम विद्यार्थी आणि निम्म्याहून जास्त खर्च स्वतःचा स्वतः न भागवणारा, म्हणजे आमचाच डिपेंडंट. डॉर्मवर राहतो तेही घरीच धरतात. कमाई किती, हे इथे कुणी विचारतच नाही. आणि गंमत अशी, की त्या 'नाही'नं त्याला एक सेंटही जास्त मिळाला नाही. उन्हाळ्यात जेमतेम ६,००० डॉलर मिळवले. त्यावर टॅक्स असाही शून्य, तसाही शून्य. अडकली ती आमची टॅक्समधली सवलत. कॉलेजच्या फीपोटी २,५०० डॉलरपर्यंत मिळते ती, आणि वर त्याच्या नावाचे ५०० डॉलर. तेही पाचशेच बरं का. सतरा पूर्ण होईपर्यंत हेच पोर सरकारदरबारी २,२०० डॉलरचं असतं. सतरानंतर खर्च वाढतो की कमी होतो, हे हा कायदा करणाऱ्यांनी घरी बायकोला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

राग पोराचा नाही, रिटर्न स्वीकारणाऱ्या त्या यंत्राचा येतो. आधी बटण दाबेल तो खरा! वर्षानुवर्षं फी भरणाऱ्यांनी मात्र आता रिटर्न छापून पोस्टानं पाठवायचं, नाहीतर आयआरएसकडून ओळख पटवणारा पिन काढून पुन्हा ऑनलाइन भरायचं. तेही १५ एप्रिलच्या आत. शिवाय त्याला दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरायला लावायचा तो वेगळाच.

रात्री त्याचा मेसेज आला : "१०४०-एक्सला ॲप पैसे मागतंय. पाठवतेस का?"