सर, 'मरतात' हा शब्द चुकला, यूव्ही नाही

आदरणीय सर,

घरच्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) पाणी शुद्धीकरण यंत्रावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. यूव्हीखालून आलेला परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली होता तस्साच दिसतो. मग तो मेला हे कशावरून? लोकांना गाफील करू नका, पाणी उकळा म्हणून सांगा." यातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर भांडायचं आहे.

मान्य ते आधी. मी 'परजीवी मरतात' असं लिहिलं, ते चूक. क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या जुलाब घडवणाऱ्या परजीवीची जी कवचबंद अवस्था पाण्यातून पोटात जाते, ती जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची. यूव्हीचा दिवा तिचं कवच फोडत नाही की आतलं शिजवत नाही. २५४ नॅनोमीटरचे किरण आत शिरतात आणि डीएनएमधल्या शेजारशेजारच्या थायमिन या घटकांची गाठ मारून टाकतात. जीवात धुगधुगी असते, पण डीएनएची नक्कल निघत नाही, आणि नक्कल नाही तर आपल्या आतड्यात त्याची पिलावळ वाढत नाही. जुलाब होतात ते या पिलावळीमुळे. 'निष्क्रिय' हा शब्द जड वाटेल म्हणून मी टाळला होता. उगाच टाळला.

आता भांडण. तुमची शंका ज्या प्रश्नावर उभी आहे, त्याच प्रश्नाने संशोधकांनाही बरीच वर्षं चकवलं. क्रिप्टो जिवंत आहे का हे ते रंगद्रव्यं वापरून किंवा तो कवचातून बाहेर येतो का हे पाहून ठरवत. त्या कसोटीवर यूव्ही सपशेल नापास व्हायचा, आणि लागणारी मात्रा इतकी प्रचंड निघायची की कुठल्याही पाणीपुरवठा खात्याने हात जोडले असते. १९९८च्या सुमारास जेनिफर क्लॅन्सी या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. किरण दिलेले परजीवी त्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना पाजले आणि लागण होते का ते पाहिलं. अगदी थोड्या मात्रेतही लागण जवळजवळ थांबली होती. पुढे काही प्रयोगांत डीएनएतल्या गाठी काही अंशी सुटलेल्याही दिसल्या, पण लागण करायची ताकद परत आली नाही.

हे सगळं इतकं जिव्हारी का लागलं होतं, तर १९९३च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टो पसरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. औषधांच्या दुकानांतून जुलाबाची औषधं संपली, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. त्या पाण्यात क्लोरीन होता! लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवला तर ९९.९ टक्के क्रिप्टो निकामी व्हायला दहा दिवसांहून जास्त लागतात. तेच काम यूव्ही चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल एवढ्या मात्रेत करतो. अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या २००६च्या नियमात हाच आकडा आहे, जिआर्डिया या दुसऱ्या परजीवीसाठी ११. विषाणूंचं मात्र बरोबर उलटं. क्लोरीनपुढे ते पटकन लोळण घेतात, आणि यूव्हीने ९९.९९ टक्के विषाणू निकामी करायचे असतील तर १८६ मिलिज्यूल मोजावे लागतात. म्हणून शहाणी शहरं दोन्ही वापरतात. न्यूयॉर्कचा कॅट्सकिल-डेलावेअर या जलस्रोतांच्या पाण्यासाठीचा अजस्र यूव्ही प्रकल्प सुरू झाल्यावर त्यांनी क्लोरीन बंद केला नाही.

मूळ लेखाच्या शीर्षकातल्या 'किरणोत्सर्ग' शब्दावरचा तुमचा टोलाही खाल्ला. यूव्हीला 'अतिनील प्रारण' म्हणायला हवं होतं.

'गाफील' हा शब्द मात्र मला खरा झोंबला, कारण गाफील मीच होते. आमच्याकडे बोअरचं पाणी. गेल्या दिवाळीत यंत्र उघडलं तर दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, निळा लाइट लागतोय ना, मग चालूय." निळा उजेड दिसणं आणि २५४चा किरण पाण्यापर्यंत पोहोचणं यांचा काही संबंध नाही. दिवा जुना झाला की उजेड तसाच राहतो, कस उतरतो. गढूळ पाण्यात तर परजीवी मातीच्या कणाआड सावलीत बसतो. मी प्लग काढून नळी बाहेर काढली आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, तेव्हा कुठे ती काचेसारखी दिसली. मग दिवाही बदलला.

तेव्हा पावसाळ्यात नळाला लालसर पाणी आलं की उकळायचंच, यात आपलं दुमत नाही. एक मिनिट खळखळून उकळी आली की क्रिप्टोचा निकाल लागतो. मूळ लेखात 'मरतात' खोडून 'निष्क्रिय होतात' केलंय, आणि नळीबद्दलचा परिच्छेद जोडलाय. तुमची हरकत नसेल तर उकळण्याबद्दलचं तुमचं वाक्यही त्याखाली टाकते.