पॅकेजचे ४० लाख: सांगलीच्या एका पालकांना उत्तर

काका, तुमचा राग समजला. मोठ्या टेक कंपनीतलं ४० लाखांचं पॅकेज हातात तेवढं पडत नाही असं लिहून मी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा हिरमोड करतोय, आणि कंपनीने पत्रावर छापलेला आकडा खोटा कसा, असं तुमचं म्हणणं. आकडा खोटा नाहीच. तो एका वर्षाचा नाही, एवढाच माझा मुद्दा.

समजा त्यातले १६ लाख शेअर्सचे आहेत. ते चार वर्षांत व्हेस्ट होतात, म्हणजे टप्प्याटप्प्याने मुलाच्या मालकीचे होतात. समान वाटणी असेल तर पहिल्या वर्षी ४ लाख. ॲमेझॉनने वर्षानुवर्षं वापरलेली वाटणी ५, १५, ४०, ४० टक्के अशी, म्हणजे पहिल्या वर्षी फक्त ८० हजार. (तिथे सुरुवातीची दोन वर्षं ही तूट जॉइनिंग बोनसने भरतात, हेही खरं.) शेअर्सचा पहिला हप्ता वर्षाने मिळणार असेल आणि मुलाने अकराव्या महिन्यात नोकरी सोडली, तर शेअर शून्य. वर जॉइनिंग बोनस परत मागण्याची अट बहुतेक वेळा असते. परत करायची ती करासकट पूर्ण रक्कम की हातात आलेली, ते पत्रात नीट वाचा.

कराचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. शेअर व्हेस्ट झाला की त्या दिवशीचा भाव पगारात धरतात, विकला नसला तरी. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह (करावरचा उपकर) ३१.२ टक्के कर. म्हणून १०० शेअर व्हेस्ट झाले की साधारण ३२ तिथल्या तिथे करापोटी विकले जातात, खात्यात ६८ राहतात. पुढे भाव निम्म्यावर आला तरी भरलेला कर परत येत नाही. तेव्हा विकून झालेला तोटा पगारातून वजा होत नाही. फक्त भांडवली नफ्यातून होतो, आणि रिटर्न मुदतीत भरलं असेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो. विकताना खरेदी किंमत शून्य धरू नका. व्हेस्टच्या दिवशीचा भाव हीच खरेदी किंमत, नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर बसतो.

सीटीसीतली, म्हणजे कंपनीने पत्रावर छापलेल्या एकूण पॅकेजमधली ग्रॅच्युइटी (मूळ पगाराच्या ४.८१ टक्के) एरवी पाच वर्षांनंतरच मिळते. कंपनीच्या वाट्याचा पीएफ तुमचाच, पण दरमहा खर्चायला नाही.

आणि शेअर अमेरिकेतल्या कंपनीचे असतील तर आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) चालत नाही. शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, तेही जानेवारी ते डिसेंबरच्या हिशेबाने; बाकी रिटर्न एप्रिल ते मार्च. मार्केट यार्डातल्या आडत्यांची खाती डोळे मिटून लिहिणारे सीएसुद्धा इथे अडखळतात, कारण हा तक्ता त्यांच्यासमोर क्वचितच येतो. न विकलेले शेअरही त्यात दाखवायचे. मुलाला ब्रोकरच्या खात्यातून ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट काढून सीएंकडे द्यायला सांगा. फॉर्म १६ वरून (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) त्यांना हे कळणार नाही.