हीट गनने टायर तापत नाही, वाया जातो

"मामा, येताना तुझी हीट गन आण रे, टायर तापवायला." काल रात्री भाच्याचा मेसेज आला (हीट गन म्हणजे कडकडीत गरम हवा फेकणारं अवजार) आणि खाली ती पोस्ट, जी गेले काही आठवडे प्रत्येक रायडर ग्रुपवर फिरते आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर तो पहिल्यांदाच आपली केटीएमची आरसी ३९० बाईक रेसच्या ट्रॅकवर उतरवणार आहे, तीसुद्धा या पोस्टच्या भरवशावर. पोस्ट म्हणते: हलक्या बाईकला टायर वॉर्मर, म्हणजे टायरला गुंडाळायचं विजेवर तापणारं पांघरूण, ही उधळपट्टी, तिचे टायर आपोआप तापतात. घाई असेल तर दहा मिनिटं हीट गन फिरवा. मग नागमोडी चालवा. हवा घरूनच भरून न्या. आपल्याकडे ऊन आहेच. आणि अगदीच हौस असेल तर मित्राच्या हजार सीसी बाईकचा वॉर्मर मागून आणा.

आधी हीट गन, कारण यात पोरं पडतील. रबर उष्णतेचं फार वाईट वाहक आहे. हीट गनच्या तोंडाशी हवा कित्येक शे अंशांची असते आणि टायर कारखान्यात साच्यात शिजतो तोच मुळात दीडशे अंशांच्या आसपास. म्हणजे वरचा थर तुम्ही पुन्हा शिजवता, तो कडक होतो, आणि ज्या ग्रिपसाठी हा सगळा खटाटोप, तीच जाते. आत मात्र टायरचा सांगाडा गार, रिम गार, आतली हवा गार. भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसं. लेझरचा थर्मामीटर रोखला की ८० दाखवतो आणि सगळे खूश होतात. पण तो फक्त कातडी मोजतो. म्हणूनच पिटमध्ये जाणकार लोक सुईचा थर्मामीटर वापरतात. सुई रबरात काही मिलिमीटर खुपसली की खरा आकडा कळतो. वॉर्मर टायरला सगळीकडून गुंडाळून ७०-८० अंशांवर तासभर ठेवतात ते याचसाठी, की रिमपर्यंत ऊब मुरावी.

वरवरची ऊब किती टिकते ते पाहायचं असेल तर जर्मनीचा सॅक्सनरिंग हा रेस ट्रॅक पाहा. १३ वळणं, त्यातली १० डावी आणि ३ उजवी. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डावी, आणि मग अकरावं उजवं, वेगाचं, उताराकडे झुकणारं. त्या सात वळणांत टायरची उजवी बाजू रस्त्याला जवळजवळ लागतच नाही. मिनिटभरही जात नाही, पण तेवढ्यात ती गार होते आणि मोटोजीपी या सर्वांत वरच्या बाईक रेसिंगमधले रायडर तिथे वर्षानुवर्षं पडत आलेत. त्यांचे टायर ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, वॉर्मरमध्ये होते, बाईक अडीचशेच्या पुढे हॉर्सपॉवरची होती. आता सांगा, हीट गनची ऊब पॅडॉकपासून, म्हणजे ट्रॅकमागच्या बाईक लावायच्या जागेपासून, पहिल्या वळणापर्यंत तरी पोचेल का?

"हलक्या बाईकचे टायर आपोआप तापतात" हे तर सरळसरळ उलटं आहे. टायर तापतो तो वजनाखाली रबर दबून-सुटून, ब्रेकच्या आणि इंजिनाच्या जोरावर रस्त्याशी घासून. वजन कमी, जोर चाळीसेक हॉर्सपॉवरचा, म्हणजे आत जाणारी उष्णता कमी. आणि सरळ रस्त्यावर वारा ती काढून घेतोच. मोटोजीपीखालचा छोट्या बाईकचा वर्ग, मोटो३ बघा: २५० सीसी, बाईक आणि रायडर मिळून किमान वजन १५२ किलो. आपोआप तापत असते तर त्या टीम्स ग्रिडवर जनरेटर आणि वॉर्मर कशाला ओढत नेतात?

नागमोडी चालवणं फॉर्म्युला वनमधून उचललंय. तिथे चार रुंद चाकं आणि जड गाडी असते. गार टायरवर दुचाकी डावी-उजवी कलवली तर उष्णता नगण्य मिळते, घसरायची संधी मात्र पुरेपूर. त्यापेक्षा बाईक सरळ उभी ठेवून नीट ब्रेक दाबा, नीट थ्रॉटल द्या, आणि झुकणं लॅपागणिक वाढवा.

घरून हवा भरून नेण्याबद्दल एक हिशेब. सकाळी २५ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ८० अंशांना ३८ च्या आसपास जातो. एवढा फुगला की जमिनीला टेकणारा पट्टा लहान होतो. वॉर्मर वापरायचा तर हवा टायर गरम असतानाच मोजायची, आणि टायर कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा आहे की गरम, ते आधी वाचायचं.

उन्हाचं मात्र मान्य करावं लागेल, थोडंसं. दुपारी दक्षिणेत डांबर पायाला चटका देतं, आणि भाच्याच्या बाईकवर नक्षीचे, रस्त्यावरचे टायर आहेत. ते कमी तापमानाला पकड द्यायलाच बनवलेत. अशा टायरना वॉर्मर नसला तरी चालतं, दोन-तीन लॅप सबुरीने काढले की झालं. पण पोस्ट हे टायर आणि स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत रेसचे टायर, यांत फरकच करत नाही. स्लिक लावून सकाळच्या पहिल्या सेशनला "ऊन आहे ना" म्हणत निघणारा माणूस ट्रॅकबाहेरच्या खडीत जाणार.

मित्राच्या वॉर्मरचं: हजार सीसीच्या मागच्या टायरची रुंदी १९० किंवा २०० मिलिमीटर, आरसीची १५०. मोठा वॉर्मर छोट्या टायरवर सैल बसतो, कडा उचललेल्या राहतात. मधला भाग तापतो आणि झुकल्यावर ज्यावर भार येतो ती कड गारच राहते. घ्यायचाच तर आपल्या मापाचा घ्या. विकत घेताना टायरवर चढवून दोन्ही कडांना बोट घालून बघा. बोट सहज आत गेलं तर तो तुमच्या टायरचा नाही.