गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आमच्या घरातल्या मुक्कामाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आईला वाचून दाखवला. सकाळी अंघोळीला गरम पाणी पुरलं नाही, गोधड्यांना वास येत होता, शनिवारी रात्री सासूबाईंना घेऊन फेरीबोटीच्या धक्क्यावर पाऊण तास थांबावं लागलं, टीव्ही नाही, मुलं कंटाळली, असं तुम्ही लिहिलंत.

पाण्याची चूक पूर्णपणे माझी. आमच्याकडे अंघोळीचं पाणी तांब्याच्या भाणात, चुलीवर तापतं. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पेटवली की चार बादल्या कढत पाणी मिळतं, पुढच्या चार बादल्यांना अर्धा तास लागतो. तुम्ही सात माणसं. मी पाचला चूल पेटवायला हवी होती, पेटवली साडेसहाला. सासूबाईंना डिसेंबरच्या पहाटे कोमट पाण्यानं अंघोळ करावी लागली, हे वाचून आई दिवसभर गप्प होती. मागच्या दारी आता दुसरं भाण लावलंय आणि वयस्कर पाहुण्यांच्या खोलीत गीझर बसवतोय.

गोधड्या पावसाळ्यापासून ट्रंकेत होत्या. नदीकाठची हवा दमट, दोन दिवस कडक ऊन दाखवायला हवं होतं. एका रात्रीचं भाडं परत पाठवलंय, ते कृपया ठेवून घ्या.

फेरीबोटीचं मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. दिवाडीला गाडी न्यायला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे, कुठूनही या, मांडवी फेरीबोटीनंच ओलांडायची. ‘दहा मिनिटं’ म्हणालो ती पाण्यावरची. डिसेंबरातल्या शनिवारी गाड्यांची रांग किती लागते ते बोललोच नाही. गाडी पलीकडे ठेवून चालत बोटीत चढलात तर रांग लागत नाही, या काठावर मी न्यायला येतो. आता हे प्रत्येकाला आधीच कळवतो.

टीव्ही मात्र आणणार नाही. तुमचा धाकटा रविवारी काकांबरोबर मानशीवर दीड तास बसला होता. मानस म्हणजे खाजनाच्या, नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधातलं लाकडी दार. ते ओहोटीला आपोआप उघडतं, शेतातलं पाणी नदीत सोडतं आणि भरती चढली की तिच्याच दाबानं मिटतं. दार मिटताना फटीतून पाणी फुसफुसलं, तेव्हा तो बांधावर पालथा पडून कान लावून ऐकत होता. परत यायला तयार नव्हता. तुम्ही तेव्हा सामान आवरत होतात, म्हणून सांगतोय.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. सासूबाईंना सप्तकोटेश्वराला जायचं होतं. तो देव मूळचा आमच्या या बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला नेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शनिवारच्या त्या खोळंब्यात सासूबाईंचं देवदर्शन राहून गेलं. त्या पुन्हा गोव्यात आल्या तर, मुक्काम कुठेही असो, नार्व्याच्या फेरीनं मी स्वतः त्यांना घेऊन जाईन. फक्त आदल्या दिवशी फोन करा.