दीड तासात संपवला आणि परत केला

आज सकाळपासून डोकं तापलंय. ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही, डबा अर्धा तसाच घरी आणला. आता मुलगा झोपलाय, आई (म्हणजे सासूबाई) हॉलमध्ये आहेत, म्हणून लिहायला बसलेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

झालं असं. रबाळे स्टेशनवरून कंपनीपर्यंत आम्ही तिघंचौघं चालत जातो. त्यातला एक मुलगा, आमच्याच डिपार्टमेंटचा, माझे गेमचे रिव्ह्यू मनापासून वाचणारा. आज भेटल्या भेटल्या म्हणाला, "मॅडम, तुम्ही ज्याच्यावर लिहिलंत तो गेम घेतला रविवारी. काय भारी आहे! शेवटी रडलो मी, खरंच." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि पुढच्याच वाक्याला म्हणाला, "दीड तासात संपवला आणि लगेच रिफंड टाकला. आले पण पैसे वॉलेटमध्ये. तुम्ही लिहिलं होतं ना दीड तासाचा आहे म्हणून, तेव्हाच म्हटलं, हा दोन तासांत बसतोय."

रडला. आणि पैसे परत घेतले.

मला रस्त्यात काही सुचलंच नाही. "अरे, असं नसतं करायचं" एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "पण नियमात बसतंय ना?" बसतंय. स्टीमचा, म्हणजे जिथून आपण गेम विकत घेतो त्या ऑनलाइन दुकानाचा, हा नियम जून २०१५ पासून आहे: गेम घेऊन १४ दिवस झालेले नसले आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला, तर कारण काहीही द्या, पैसे परत. पण तो नियम कशासाठी आहे? गेम मशीनवर चालला नाही, वाटलं होतं तसा निघाला नाही, चुकून घेतला गेला, यासाठी. फुकटात गेम मिळवायची ही सोय नव्हे, असं स्टीमनं त्याच पानावर लिहिलेलं आहे. मामलेदारची मिसळ शेवटच्या रश्श्यापर्यंत पिऊन, नाकाडोळ्यांतून पाणी काढून, वर "अर्धा तास पण लागला नाही, पैसे द्या परत" असं कुणी म्हणेल का? गडकरी रंगायतनला एकांकिका बघतो आपण. पाऊण तासात पडदा पडतो. उठून टाळ्या वाजवतो आणि बाहेर येऊन खिडकीवर तिकिटाचे पैसे मागतो का? मग गेमच्या बाबतीत एवढं काय होतं आपल्याला?

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं तर आणखी चारजण हेच करतील. ३४९ रुपयांचा गेम आहे. दोन माणसांनी मिळून केलाय.

खरं सांगायचं तर मला त्या मुलापेक्षा माझाच जास्त राग आलाय, कारण "दीड तास" हे मी लिहिलं होतं. आणि मला तो २०२१ मधला मेल आठवला.

तुमच्यातल्या काहींना माहिती आहे, पण पुन्हा सांगते. लॉकडाऊनमध्ये मी रिव्ह्यू लिहायला लागले तेव्हा माझ्याकडे एका मुलाचा गेम आला. एकट्यानं केलेला. आजोबा गेलेत, नातू त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आवरतोय, एवढीच गोष्ट. मी ४० मिनिटं खेळले. कुठेही आवाज नाही. ना संगीत, ना पावलांचा आवाज, ना शटर उघडल्याचा. मी लिहून टाकलं: "गेम अर्धवट आहे, आवाजाचा पत्ता नाही, घाईत बाजारात आणलाय." आणि झोपले. दोन दिवसांनी त्याचा मेल आला, तीन ओळींचा. "ताई, रिव्ह्यू वाचला. रेडिओ दुरुस्त झाल्यावर आवाज सुरू होतो, तोपर्यंत मुद्दाम शांत ठेवलंय. वेळ काढून खेळलात त्याबद्दल आभार."

चिडला असता, शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. तो आभार मानत होता.

त्या रात्री मी उरलेला गेम खेळले. मी जिथे सोडला होता तिथून दहा मिनिटांवर तो रेडिओ सुरू झाला. आधी खरखर, मग कुठलं तरी अर्धवट स्टेशन, मग हळूहळू पंखा, रस्ता, शेजारच्या घरातली भांडी, अख्खी गल्ली ऐकू यायला लागली. मी हेडफोन काढून ठेवला आणि बसून राहिले. शेवटी नावांची यादी आली. सगळीकडे त्याचंच नाव: चित्रं त्याची, कोडिंग त्याचं, आवाज त्याचा. आणि सगळ्यात खाली "आईला, लाईट बिल भरल्याबद्दल."

मी रिव्ह्यू बदलला, वर माफी मागितली. पण पहिल्या दोन दिवसांत ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचलेला होता. तेव्हापासून एक नियम आहे माझा: शेवटची नावं वर सरकून संपेपर्यंत खेळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. ऑफिस, डबे, मुलाचा अभ्यास सांभाळून महिन्याला दोनच रिव्ह्यू होतात, तर होऊ देत. एका पोर्टलनं विचारलं होतं, रिलीजच्याच दिवशी लिहून द्याल का, पैसे नाहीत पण नाव येईल. मी नाही म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, गेम किती तासांचा आहे हे वाचणाऱ्याला कळायला नको का? हवं. कॉलेजच्या पोराकडे महिन्याला पाचशे रुपये असतील तर तो विचार करणारच, हे मला मान्य आहे. रिफंडची सोय हवी हेही मान्य. मी स्वतः एक गेम परत केलाय, माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडलाच नव्हता. ठीक. पण "तासाला किती रुपये पडले" हा हिशेब कुठून आला आपल्यात? भाजी आहे का ती, किलोवर घ्यायला? मोठ्या कंपन्यांचे गेम साठ-साठ तासांचे असतात, आणि त्यातले वीस तास नकाशावरच्या खुणा पुसत घोडा पळवण्यात जातात. ते चालतं. छोट्या गेमनं मात्र थोडक्यात सांगितलं की तो महाग.

व्हेन्बा खेळलाय का कुणी? २०२३ मध्ये आला. तमिळ जोडपं, कॅनडात जाऊन राहिलेलं, त्यांचा तिथेच वाढणारा मुलगा, आणि आईच्या रेसिपींची डाग पडलेली, फाटलेली वही. पुसलेल्या ओळी ओळखून पदार्थ करायचा, हाच खेळ. दीड तासाच्या आसपास संपतो. मी तो मोठ्या टीव्हीला जोडून खेळत होते आणि आई मागे भाजी निवडत बसल्या होत्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या तिथे मी अडकले. मागून आवाज आला, "अगं, भोकांकडे बघ आधी. वाफ कशी जाणार?" ज्या बाईनं आयुष्यात कधी गेमला हात लावला नव्हता, ती पुढचा तासभर माझ्याशेजारी बसून मला स्वयंपाक शिकवत होती. मधेच गेममधला तो मुलगा त्याच्या आईला इंग्रजीत तुटक उत्तरं द्यायला लागतो, तेव्हा आमच्या आई एकदम गप्प झाल्या. माझे दीर बाहेरदेशी असतात. नातवाशी व्हिडिओ कॉलवर काय बोलायचं हे आईंना सुचत नाही, हे मला माहिती होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. रात्री साडेअकरापर्यंत.

आता सांगा मला, ते किती रुपये तास पडलं?

लिहिता लिहिता जरा निवळलेय. पण थांबा, अजून आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये समर ऑफ ५८ हा भुताचा छोटा गेम करणाऱ्यानं, एमिका गेम्स या नावानं काम करणाऱ्या डेव्हलपरनं, जाहीर केलं की मी आता अनिश्चित काळासाठी गेम बनवणं सोडतोय. लोकांनी गेमबद्दल चांगलं लिहिलं होतं. पण गेम दोन तासांच्या आतला होता आणि चांगलं म्हणणाऱ्यांतलेही कित्येकजण पैसे परत घेत होते. तेव्हा मी ते वाचून "बिचारा" म्हणून पुढे गेले होते. आज रबाळेच्या फुटपाथवर कळलं की ते कित्येकजण म्हणजे कोण. आपल्यातलीच, चांगली, हळवी, मला चहा पाजणारी मुलं.

आणि पैसे तरी किती उरतात हो? स्टीमवर गेम टाकायला आधी १०० डॉलर भरा, ते हजार डॉलरची विक्री झाल्यावरच परत मिळतात. मग प्रत्येक विक्रीतून स्टीम सुरुवातीला ३० टक्के घेतं. ३४९ मधले शंभर तिथेच गेले, कर वेगळा, उरलेल्यात दोन माणसांची दोन-तीन वर्षं. त्यात निदान १० जणांनी रिव्ह्यू लिहिल्याशिवाय गेमच्या नावाखाली "पॉझिटिव्ह" वगैरे शिक्का दिसतही नाही. आणि या दहाजणांनी गेम स्वतःच्या पैशांनी स्टीमवर घेतलेला लागतो. डेव्हलपरनं पाठवलेल्या 'की'वर (गेम फुकट मिळवून देणाऱ्या कोडवर) खेळून रिव्ह्यू लिहिला तर २०१६ पासून तो त्या टक्केवारीत धरत नाहीत. म्हणून मी हल्ली 'की' मागत नाही, गेम विकत घेते. नवऱ्यानं एकदा विचारलं, फुकट मिळतोय तर का नको? मी त्याला त्या रेडिओवाल्या मुलाच्या आईचं लाईट बिल सांगितलं. पुन्हा विचारलं नाही त्यानं.

हे सगळं वाचून कुणी असं समजू नका की छोट्या गेमबद्दल गोडगोडच लिहावं असं मी म्हणतेय. अजिबात नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला, २०२० मध्ये आला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करायला गेले होते, तिथे ठरवलेली रक्कम जमली नाही, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. त्यातले महाल, त्या भिंतींवरची चित्रं बघून माझा ऊर भरून आला होता. पण मी हेही लिहिलं की मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते आणि शेवट एकदम अंगावर येऊन संपतो. तेव्हा किती ऐकवलं मला! "आपल्या माणसांनी केलंय, जरा सांभाळून लिहायचं." का? ज्यानं एवढी वर्षं घातली त्याचं काम मी नीट, पूर्ण बघितलं आणि मला जे वाटलं ते त्याला सांगितलं, याहून जास्त मान मी कसा देणार? पाठीवर थाप तर नातेवाईकही देतात. त्या रेडिओवाल्या मुलानं मला "चांगलं लिहा" म्हटलं नव्हतं. तुम्ही थांबला असतात तर ऐकू आलं असतं, एवढंच तो सांगत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तो रिव्ह्यू उघडला. "दीड तासाचा गेम" हे शब्द खोडले. मग वाटलं, ही लपवाछपवी झाली. पुन्हा टाकले. मग खोडले. शेवटी "एका बैठकीत संपतो" असं लिहिलंय. हुशार माणूस यातूनही काढेल अर्थ, मला कळतंय. याहून चांगलं काही सुचत असेल तर सांगा.

आईंना सगळं सांगितलं मघाशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रडला ना तो?" म्हटलं, हो. "मग तो वाईट नाही गं. उद्या बोल त्याच्याशी."

तर हे त्याच्यासाठी. तू वाचतोयस हे मला माहिती आहे. सकाळी मी तोंड फिरवून पुढे निघून गेले, ते चुकलं माझं. तू वाईट मुलगा नाहीस. ते ३४९ रुपये अजून तुझ्या वॉलेटमध्येच आहेत, गेमही तिथेच आहे. परत घेतलास तर मला सांगायचीसुद्धा गरज नाही. फक्त या वेळी शेवटची नावं येतात तेव्हा खिडकी बंद करू नकोस. सगळ्यात खाली दोन ओळी आहेत, त्या वाच. कुणासाठी लिहिल्यात ते उद्या चालताना बोलू.