काळा किमोनो सुतकाचा नव्हे

‘लग्न झाले की जपानी स्त्रीच्या किमोनोच्या बाह्या कापतात आणि पुढे आयुष्यभर तिला सुतकातला काळा रंगच घालावा लागतो’, असा मजकूर छायाचित्रासह फिरत आहे. छायाचित्र खरे आहे. मजकुरातले जवळजवळ काहीही खरे नाही.

आधी रंगाचे पाहू. छायाचित्रातला किमोनो ‘कुरोतोमेसोदे’ आहे आणि तो घातला जातो तो लग्नात; वधूवरांच्या आया, विवाहित बहिणी, मावश्या, आत्या यांचा तो मानाचा पोशाख. मंगलकार्यात काळे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या नजरेला तो सुतकी वाटतो, हे समजण्यासारखे आहे. शोकाचा किमोनोही काळा असतो आणि त्यावरही पाच कुलचिन्हे असतात. परंतु त्यावर नक्षी नसते आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा, म्हणजे ओबी, हाही काळाच असतो. उलट कुरोतोमेसोदेच्या खालच्या घेरावर क्रौंच, पाइन, बांबू अशी शुभचिन्हे रंगवलेली असतात आणि ओबी सोनेरी किंवा रुपेरी असतो. गळ्यापाशी नीट पाहिले तर काळ्या काठाआतून पांढरी पट्टी डोकावते. एकावर एक दोन किमोनो घालण्याच्या जुन्या रीतीची ती खूण असून, आता केवळ गळा, बाह्या आणि घेर यांच्या कडांना पांढरे अस्तर जोडून तो आभास साधतात. लग्नात ओबीची गाठही दुहेरी बांधतात, आनंद दुणावावा म्हणून. दुःख दुणावू नये म्हणून शोकात ती एकेरीच असते.

बाह्यांच्या गोष्टीत तथ्याचा अंश आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) लग्नानंतर, किंवा लग्न झाले नसले तरी ठरावीक वयानंतर, ‘फुरिसोदे’ या अविवाहित मुलींच्या किमोनोच्या लांब बाह्या आखूड करीत. आज कुरोतोमेसोदे स्वतंत्रच शिवला जातो. फुरिसोदे कापून तो करताही येणार नाही, कारण फुरिसोदेची नक्षी खांद्यांपर्यंत चढलेली असते आणि कुरोतोमेसोदेत कमरेच्या वर कुलचिन्हांखेरीज काहीही चालत नाही.

‘आयुष्यभर’ हा तर निव्वळ पदरचा शब्द. विवाहितेला रंगीत ‘इरोतोमेसोदे’ आहे, ज्यावर पाच कुलचिन्हे असली की त्याचा दर्जा काळ्याच्या बरोबरीचा होतो. राजवाड्यातल्या समारंभांना तर काळा टाळून हाच घालतात. ‘होमोंगी’ हा समारंभांना घालायचा नक्षीदार किमोनो विवाहित आणि अविवाहित दोघींनाही चालतो. कुरोतोमेसोदे आयुष्यात मोजक्याच वेळा लागतो, म्हणून अनेक जणी तो भाड्यानेच आणतात आणि तशा किमोनोवर बहुधा कोणत्याही घराण्याला चालणारे पाउलोनियाच्या पानाफुलांचे चिन्ह असते.