‘गुण येईपर्यंत डोस वाढवा’ या सल्ल्याबाबत खुलासा

स्किझोफ्रेनियावरील औषध लागू पडत नसेल, तर गुण येईपर्यंत त्याचा डोस वाढवत न्यावा, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या डी-२ ग्राहींपैकी (हे रसायन पेशींवर जिथे चिकटते त्या जागांपैकी) साधारण ६५ ते ८० टक्के औषधाने व्यापले गेले की बहुतेक औषधांचा परिणाम दिसतो; त्यापुढे गुण फारसा वाढत नाही, मात्र थरथर, ताठरपणा आणि एका जागी बसू न देणारी तगमग वाढते. ही तगमग म्हणजे आजारच बळावला असे समजून पुन्हा डोस वाढवला जातो, हे फार क्लेशदायक आहे.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे, न चुकता घेऊनही फरक पडला नाही, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनवर सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर केवळ ४ टक्के. क्लोझापिनची सुरुवात १२.५ मिलिग्रॅमपासून होते, रक्ततपासण्या नियमित कराव्या लागतात आणि औषधाची रक्तातील पातळीही मोजता येते. सिगारेट अचानक सोडल्यास, गोळी तेवढीच असूनही, ही पातळी काही दिवसांत चढते, कारण धुरामुळे यकृत औषधाचा निचरा लवकर करत असते. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी. ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास जुना डोस एकदम घेऊ नये, रक्तदाब कोसळू शकतो; डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासूनच सुरुवात करावी लागते.